टोपणाखालच्या गांधीलमाश्या

“कुणाला खरं वाटणार नाही, पण इंजिनाच्या या टोपणाखाली गांधीलमाश्यांचं पोळं आहे. परवा त्यांनी तापीतली मगर पळवली! हात लावू नको,” आधारनानांनी मेकॅनिक राकेशला दम भरला.

नानांच्या नावेचं चाळीस वर्षांचं इंजिन रेस कमी केली, की धापा टाकून बंद पडायचं. शेजारी द्रौपदाबाई डोळे बारीक करून उभ्या होत्या. डॉक्टरांनी नानांची बिडी बंद केली, तेव्हाच त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, “एक जरी बिडी सापडली, तर नाव विकीन.”

राकेशनं टोपण उघडलंच. हवेच्या तोंडाशी कोंबलेलं फडकं ओढताच इंजिन संथ चालू लागलं आणि फडक्यातून बिड्यांचं बंडल पडलं.



द्रौपदाबाई नवऱ्याकडे वळल्या, “काय हो, गांधीलमाशा आते बिड्या बी पितस का?”