निनावी दुरुस्त्या

मधल्या सुट्टीची घंटा झाली तशी रोझमेरी डबा शिक्षकांच्या खोलीतल्या बाकावर टाकून संगणकाच्या खोलीत गेली. ब्लॉग उघडला. कालच्या लेखाखाली काहीच नव्हतं.

"आधी जेवून घे गं," स्वप्ना म्हणाली. ती शाळेत संगणक शिकवायची, फुलपाड्याहून यायची. रोझमेरीला ब्लॉग काढून दिला तोही तिनेच. "नव्या ब्लॉगवर वाचक असा टिकत नसतो. फोटो टाक, दुसऱ्यांकडे जाऊन गोड गोड लिही, मग येतात लोक."

"मला लोक नकोत. एकच हवीय."

ती एक म्हणजे सालोमी, रोझमेरीची थोरली बहीण. विरारच्या विघ्नेशशी लग्न करायचं म्हणून ती गास गावातलं घर सोडून गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. पप्पांनी तेव्हाच बजावलं होतं, "या दारातनं गेलीस तर परत येऊ नको." आणि मागे राहिलेल्यांना, "तिचं नाव या घरात काढायचं नाय." पप्पांचं नाव बॅप्टिस्ट, आणि बॅप्टिस्टचा शब्द म्हणजे शब्द. गेल्या वर्षी आई वारली, तेव्हाही सालोमीला कळवायला कुणाकडे तिचा पत्ता नव्हता.

येत्या रविवारी चर्चमध्ये आईचा वर्षाचा मिस्सा, तिच्यासाठीची प्रार्थना होती. त्याला तरी सालोमी यावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

म्हणून रोझमेरी घरातलंच लिहायची. आईची कालवणं, मागची वाडी, विहीर. कधीतरी, कुठेतरी सालोमी वाचेल आणि ओळखेल. सुरुवातीला चिटपाखरूही फिरकलं नाही. मग एकदा तिने लिहिलं, आई सुक्या बोंबलाच्या कालवणात चिंच घालायची. दुसऱ्या दिवशी दुपारी खाली तीन शब्द उमटले. नाव नव्हतं, नमस्कार नव्हता.

"चिंच नाही. आंबोशी."

रोझमेरी खुर्चीत ताठ बसली. खरंच, आंबोशीच, कैरीच्या वाळवलेल्या फोडी.

त्यानंतर तिने काळजीपूर्वक, बिनचूक लिहिलं. निनावी गप्प. मग तिच्या लक्षात आलं, या वाचकाला बांधून ठेवायचं तर चूक करावी लागते. बरोबर लिहिलेलं वाचून माणूस निघून जातो. चुकीचं दिसलं की त्याचा पाय निघत नाही. मुलांच्या वह्यांमधल्या चुका काढण्यात तिचा जन्म गेला होता, आता ती स्वतः चुका पेरायला लागली.

एकदा तिने मुद्दाम लिहिलं, लहानपणी आम्ही दोघी चोरलेल्या चिंचा माळ्यावर लपवायचो. दुपारी उत्तर हजर. "माळ्यावर नाही. कोंबड्यांच्या खुराड्यामागे."

ती जागा दोघींनी कधी कुणालाच सांगितली नव्हती. आणि सालोमी दुपारचीच बसणार ना, घरातलं आटपून. शब्द एवढे तुटक, म्हणजे राग अजून गेलेला नाही.

न राहवून तिने सरळ विचारलं, "सालोमी, तूच ना?" निनावी गडप झाला. आठवडाभर काही नाही. रोझमेरीने घाबरून तो प्रश्न पुसला आणि निमूटपणे पुन्हा चुका करायला लागली.

घरी यातलं काही बोलायची सोय नव्हती. पप्पा आपले वाडीत नाहीतर ओट्यावर. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा कसलातरी वर्ग भरायचा, तिथे मात्र न चुकता जायचे. तिथे काय शिकवतात विचारलं तर म्हणायचे, "वेळ जातो." हल्ली ते विसरायलाही लागले होते. झोपण्याआधी दाराला कडी लावायची त्यांची जुनी सवय. ती अलीकडे रोज राहायची. काल रात्रीही राहिलीच होती.

"पप्पा, आजही कडी राहिली."

"राहू दे. वय झालं."

रोझमेरीने कडी लावली, खटका नीट बसला का पाहिलं आणि घरच्या संगणकावरचा आईने विणलेला रुमाल बाजूला केला. पप्पांना त्यावर धूळ बसलेली खपायची नाही. ती शाळेतून येईस्तोवर रुमाल रोज नीट घातलेला असायचा.

"कोन वाचतं तुझं ते?" त्यांनी खाटेवरून विचारलं.

"आहे एक जण."

"एकच?"

"एकच. पण टिकून आहे."

ते कुशीवर वळले. रोझमेरीने श्वास घेतला आणि सालोमी गेली त्या रात्रीवर लिहायला बसली. रविवार तोंडावर आला होता, आता लहानसहान चुकांनी भागणार नव्हतं. सालोमी रिकाम्या हातांनी गेली होती. हिने लिहिलं, आईचे दागिने पिशवीत भरून गेली. हे वाचून ती पेटून उठेल, काहीतरी बोलेल. खोटं लिहिताना रोझमेरीला स्वतःचीच लाज वाटली. बाकी सगळं तिने खरंखुरं लिहिलं. सालोमी गेल्यावर आईने आपल्याला आतल्या खोलीत कसं ओढून नेलं, दोघी कशा रडल्या, आणि पप्पा दाराला कडी लावून कसे खुशाल झोपले. शेवटी मिस्स्याची वेळ दिली.

आज शाळा सुटली. पोरांच्या गोंगाटातून वाट काढत ती पुन्हा संगणकाच्या खोलीत आली. स्वप्ना पडदे ओढत होती.

"आलं गं तुझं काहीतरी. आज लांबलचक आहे."

रोझमेरी उभ्यानेच वाकली. इतके दिवस जिची वाट पाहिली, ती अखेर बोलली होती. तिने दागिन्यांचा शब्द शोधला. तो कुठेच नव्हता.

"चूक आहे. त्या रात्री कडी लावली नव्हती. दार उघडं टाकून उजाडेपर्यंत ओट्यावर बसलो होतो. हल्लीही लावत नाही. तू लावतेस."