सोनागिरीची केस

समुपदेशकाकडे जाऊन या, असं संस्थेनं मंजूषाला पत्रानं कळवलं होतं. तिनं त्याला उत्तरच दिलं नाही. दिवसभर लोकांना धीर देत फिरणाऱ्या बाईनं स्वतः कुणासमोर बसून रडायचं, ही कल्पनाच तिला लाजिरवाणी वाटली. "मला काही झालेलं नाही," असं तिनं संचालक सुचेताताईंना सांगून टाकलं.

कोलार रोडच्या रजनीची केस तिनं 'आता धोका नाही' म्हणून बंद केली होती. "ताई, मला बरं वाटतंय आता," असं रजनी शेवटच्या भेटीत म्हणाली होती. त्याच आठवड्यात तिनं जीव दिला. तेव्हापासून मंजूषाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

ताईंनी पत्राचा विषय पुन्हा काढला नाही. सोनागिरीची एक केस मात्र दिली. यशवंतकाका, सत्तरी ओलांडलेले, एकटे. बोलत नाहीत, जेवत नाहीत.

"दर शुक्रवारी जा. हे दुसऱ्या कुणाला जमायचं नाही," ताई म्हणाल्या.

मंजूषा धास्तावूनच जायची. दार उघडायला उशीर झाला की पुन्हा पुन्हा कडी वाजवायची. हाही माणूस हातचा गेला तर आपण या कामात उभं राहू शकणार नाही, हे तिला माहीत होतं.

काका शाल गुंडाळून बसलेले असत. भोवती पुस्तकंच पुस्तकं, सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं. पहिल्या दिवशी ते नुसते भिंतीकडे बघत राहिले. गप्प माणसाला बोलतं करायचं तर आधी आपलं काहीतरी सांगावं, ही तिची कामाची रीत. झोप लागत नाही, असं तिनं सांगितलं.

"मग काय करतेस?"

काकांचे ते पहिले शब्द. तिला हायसं वाटलं. त्यांनी आणखी बोलावं म्हणून ती सांगत गेली. पुढे रजनीचंही सांगितलं.

जेवणाचं तसंच. ती घरून डबा घेऊन जायची.

"काका, दोन घास तरी."

"तू खा, मग बघू."

"मी खाऊन आलेय."

"खोटं बोलायला कॉलेजात शिकवतात वाटतं. अन् भेंडीत मीठ घालायला शिकवत नाहीत."

"बिट्टन मार्केटची ताजी भेंडी आहे. नावं ठेवू नका." ती हसली, आणि आपण हसलो याचं तिलाच नवल वाटलं.

आज रजनीचं बोलताना ती रडली, आणि मग बोलता बोलता तिनं दोन पोळ्या खाल्ल्या. काकांनीही एक खाल्ली. ती निघताना ते म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी नाही आलीस तरी चालेल. मला बरं वाटतंय आता."

रजनीही शेवटी अगदी हेच म्हणाली होती. कशीबशी मंजूषा जिना उतरली आणि रिक्षात बसली.

"मॅडम, तबीयत ठीक है ना?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"तुम्ही चला, भैया. जल्दी."

काकांना आज रात्री एकटं ठेवायचं नाही, एवढंच ताईंना सांगायचं होतं. ऑफिसात ताईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत फोन स्पीकरवर होता. आवाज काकांचा, पण चांगला खणखणीत.

"जेवते आता. आज रडलीसुद्धा. पण मी बरा झालो म्हटल्याबरोबर पोर पांढरीफटक पडली. घाई झाली माझी, सुचेता. अजून महिनाभर मला आजारीच राहू दे."