मधला वायरलेस

पुराची वर्दी द्यायला पूर्णेकाठच्या गावांना वायरलेस मिळाले, पण वरच्या गावाचा आवाज खालच्या गावाला थेट पोचत नसे. मधल्या टेकडीवरून भिवाने ऐकून पुढे सांगायचं. बॅटरी वाचवायला सगळ्यांनी ठरवलं होतं, भिवा गप म्हणजे नदी बराबर. आज मात्र घट बसायच्या आधी गोधड्या धुवायच्या म्हणून सकाळपासून दोन्हीकडच्या बायांचे निरोप त्याने हौसेने पोचवले. दुपारी वरचा पुंजाराम ओरडला, “लोंढा निघाला, खाली जल्दी सांग.” भिवाने बोलायचं बटण दाबलं, तसा सेटचा दिवा विझला. सोडलं तर मिणमिणला. बॅटरीत ऐकण्यापुरताच जीव उरला होता. खाली वाळूवर गोधड्यांचे ठिपके दिसत होते. तिथेच त्याची बायको होती. बोंबलत तो उतरणीला लागला. वायरलेसमधून खालचा वसंता म्हणाला, “भिवा, तू गप, म्हंजे नदी बराबर. लेकरांनाबी पाण्यात उतरवून राह्यलो.”