नागपूरसाठी चॉकलेटं

त्या हॅलोविनला स्नोसूटवर परीचे पंख बांधून मी कॅनडात, सस्काटूनमधल्या आमच्या भागातलं एकही दार सोडलं नाही. मी पिशवी पुढे करायचे, कुणीतरी चॉकलेट टाकायचं आणि मागून कुडकुडत आई ओरडायची, "रुचा, थँक यू म्हण!"

घरी आल्यावर मी सगळा ढीग गालिच्यावर ओतला. पहिलं चॉकलेट उघडणार, तोच आईनं अख्खा ढीग डब्यात भरला.

"डिसेंबरात नागपूरला जायचंय ना? सगळ्यांना काहीतरी न्यायला नको?"

"बट आई, दे आर माइन!"

"तिथं मिळेलच की तुला."

नागपूरला आत्यानं आम्हा सगळ्या पोरांना ओळीनं बसवलं आणि तो डबा उघडला.

"दादानं खास तिकडून आणलीयत. महागाची असतात, एकेकच मिळेल हं!"

माझ्या तळहातावर तिनं एक चॉकलेट ठेवलं. तेही नेमकं मनुक्यांचं, मला अजिबात न आवडणारं.

मागून आई ओरडली, "रुचा, थँक यू म्हण आत्याला!"