साहेब जेवायला गेलेत

“डॉक्टरची चिठ्ठी आहे का?”

“चिठ्ठी नाहीये हो. सर्दी आहे,” असं म्हणून त्या माणसानं भलीमोठी जांभई दिली.

“सर्दी झालेला माणूस शिंकतो. जांभया नाही देत.” धनेशनं काउंटरवर दोन्ही हात पसरले, जणू हा उडी मारून आत शिरणार होता.

माणूस सकाळीही येऊन गेला होता. चुरगळलेला शर्ट, लालबुंद डोळे, आणि मागणी तीच. सर्दीची झोप आणणारी गोळी. रोडपालीत त्या गोळीनं नुसता उच्छाद मांडला होता. पोरं नशेसाठी घ्यायची आणि भर दुपारी बसस्टॉपवर आडवी व्हायची. केमिस्ट लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेजवर मेसेज येत होते: चिठ्ठीशिवाय देऊ नका, औषध खात्यानं डमी गिऱ्हाईकं सोडलीयत, सापडलात तर लायसन्स गेलं समजा. पलीकडच्या सेक्टरमधल्या एका दुकानाचं शटर कालच खाली आलं होतं. तेव्हापासून धनेशला प्रत्येक अनोळखी गिऱ्हाईक डमीच वाटत होतं.

“एकच स्ट्रिप द्या. क्लोरफेनिरामाइन मॅलिएट,” माणूस म्हणाला.

धनेश चपापला. या गोळीला सगळं गाव ‘ती पिवळी’ म्हणायचं. धनेशही तेच म्हणायचा. हा मात्र अख्खं नाव न अडखळता बोलला. असं कोण बोलतं? खात्याचा माणूस. दुसरं कोण!

“झोप लागत नाही हो,” माणूस शेवटी खरं बोलला. “टेन्शन आहे कामाचं. एकाच वेळी चार-चार ठिकाणी ड्युटी लावलीय माझी.”

“चार ठिकाणी! मग हे पाचवं कशाला? निघा.”

तेवढ्यात गोदूमावशी आली. तिच्या नवऱ्याला, तुळशीरामाला, खोकल्यानं पछाडलं होतं. तिनं चिठ्ठी पुढे केली. “घे धन्या, आज चिठ्ठी आणलीय. आता नाय बोलू नको.”

धनेशनं चिठ्ठी सरळ धरली, उलटी धरली, उजेडात नेली.

“तुला वाचता येत नाय त दुकान कशाला काढलंस रं? तुझ्या त्या मास्तरला बोलव.” मावशीनं धनेशच्या डोक्यावरच्या फ्रेमकडे बोट केलं. फ्रेममध्ये रजिस्टर्ड फार्मासिस्ट सत्यजीत केळुसकर यांचं सर्टिफिकेट होतं. बाजूला गणपती, आणि दोघांवर मिळून एकच लाइटिंगची माळ. फोटो उन्हानं उडाला होता, नाव तेवढं ठसठशीत होतं. धनेश रोज गणपतीला उदबत्ती ओवाळायचा आणि हात तसाच फ्रेमवरूनही फिरवायचा. लायसन्स तिच्यावरच तर होतं.

“साहेब जेवायला गेलेत,” धनेश म्हणाला.

“मी येते तवा जेवतच असतो! पोट हाय का कोठार?”

मावशीचं चुकत नव्हतं. सर्टिफिकेटं भाड्यानं मिळवून देणाऱ्या बाळू एजंटनं फ्रेम आणून टांगली त्या दिवसापासून साहेब जेवायलाच गेले होते.

दाराकडे निघालेला माणूस थांबला. लांबूनच चिठ्ठीकडे एक नजर टाकून म्हणाला, “सिरप आहे. दोन चमचे, रात्री. आणि मावशी, हे घेतल्यावर त्यांना स्कूटर चालवू देऊ नका.” मग जांभई देत निघून गेला.

“बघ, रस्त्यावरच्या माणसाला वाचता येतं!” मावशी बाटली पिशवीत टाकत म्हणाली.

धनेश मटकन स्टुलावर बसला. आता शंकाच उरली नाही. पण आपण गोळी दिली नव्हती. म्हणजे पास झालो. पास झालो ना?

चार वाजता दारात जीप थांबली आणि इन्स्पेक्टर मॅडम आत आल्या. धनेशनं स्टूल पुसलं, पंखा वाढवला, थंडा मागवतो म्हणाला. मॅडमना काहीच नको होतं.

“झोपेच्या गोळ्या कुणाला देता?”

“चिठ्ठीशिवाय सख्ख्या बापाला नाही, मॅडम. तुमच्या माणसालाच विचारा. दोनदा आला, दोनदा हाकलला.”

“आमचा माणूस? आम्ही कुणाला पाठवलं नाही.” मॅडमनी वर फ्रेमकडे पाहिलं. “केळुसकर कुठायत?”

“जेवायला गेलेत. आत्ताच.”

“चार वाजता?”

“शुगर आहे त्यांना. थोडं थोडं खातात.”

“येऊ देत. मी बसते.” आणि मॅडम खरंच बसल्या.

माळ लुकलुकत होती. साहेब आजन्म येणार नव्हते, आणि मॅडम उठणार नव्हत्या. काहीतरी करून त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायला हवं होतं. आणि देव पावला. समोरचा रस्ता ओलांडून तोच माणूस, डोळे चोळत, तिसऱ्यांदा दुकानाकडे येत होता.

खात्याचा नाही, म्हणजे पक्का नशेबाज! धनेश काउंटरवरून जवळजवळ उडी मारूनच बाहेर धावला आणि त्याला दंडाला धरून आत घेऊन आला.

“मॅडम, हाच तो! दिवसभर पिवळी मागतोय. सगळ्या गोळ्यांची नावं तोंडपाठ! विचारा, विचारा त्याला, कोण आहे, काय करतो!”

“अहो, सोडा हो,” माणूस कसनुसा झाला. “झोप नाही म्हणून आलो. मी काय चोर आहे का?”

“नाव?” मॅडमनी विचारलं.

“सत्यजीत केळुसकर.”

मॅडमनी फ्रेमकडे पाहिलं, माणसाकडे पाहिलं, मग धनेशकडे पाहिलं. बाजूचं स्टूल पुढे ओढलं आणि अगदी मायेनं विचारलं, “या केळुसकर, बसा. झालं का जेवण?”