तुमच्याच घरातलं विरजण

"घर नंतर. आधी शेजार," असं म्हणत आई वाटी घेऊन समोरच्या दारापाशी गेली. एजंट माझ्याकडे बघायला लागला.

प्रत्येक ठिकाणी हेच. घर पाहायचं सोडून ही शेजाऱ्यांकडे विरजण मागणार. बायपासजवळच्या टॉवरमधल्या बाईंनी दाराच्या साखळीमागूनच "ॲपवरून दही मागवा ना" म्हटलं आणि मला आवडलेला तो फ्लॅट बाद झाला. आज इथेही बिनसलं, तर मी आईचं ऐकणार नव्हतो. टॉवरचं टोकन देऊन मोकळा होणार होतो.

एक ठेंगण्याशा बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी आईच्या हातातली वाटी पाहिली, माझ्यामागचं उघडं दार पाहिलं आणि काही न विचारता आत गेल्या. वाटीत चमचाभर दही घालून आणलं.

"तुमच्याच घरातलं आहे हो."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"या समोरच्या घरातल्या दमयंतीकाकूंचं. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांनीच दिलं होतं. माझं संपलं की खालच्या शेखभाभींकडून आणते, त्यांचं संपलं की त्या माझ्याकडून नेतात. काकू जाऊन किती वर्षं झाली. सगळ्या बिल्डिंगमध्ये अजून त्यांचंच दही लागतंय."

आई रिकाम्या स्वयंपाकघरात गेली. वाटी ओट्यावर ठेवून, देवासमोर उभं राहावं तशी उभी राहिली.

एजंट हळूच म्हणाला, "साहेब, गच्ची दाखवू?"

"राहू द्या," मी म्हणालो. "इथे दूध कुठे मिळतं?"