ताजीनमध्ये आई

"या कोंबडीत माझी आई आहे," फेलिक्स म्हणाला आणि त्याने चमचा खाली ठेवला.

टेबलावर ताजीन होतं, म्हणजे मातीचं पसरट भांडं. त्याचं टोपीसारखं झाकण वाढणाऱ्याने नुकतंच उचललं होतं. जेनेटने आधी भांड्यात बघितलं, मग बापाकडे.

"डॅडी, इट्स जस्ट चिकन."

"चिकन आहेच. मसाला आईचा आहे."

फेलिक्सची आई वसईला असते. तिचा बाटली मसाला गावभर प्रसिद्ध. दर मे महिन्यात ती तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरते आणि फेलिक्स सुट्टीवरून परतताना त्या बाटल्या बनियनमध्ये गुंडाळून मस्कतला आणतो. त्यात काय काय पडतं, हे तिने लेकीला सांगितलेलं नाही, सुनेला नाही. चर्चच्या फादरनी एकदा सहज विचारलं, तर त्यांना म्हणाली, "फादर, हे कन्फेशनमध्ये येत नाही." आणि तोच मसाला आज मस्कतमधल्या अल् खुवैरच्या एका मोरोक्कन हॉटेलात जर्दाळूंना खेटून बसला होता.

फेलिक्स मस्कतच्याच गाला भागातल्या एका गोदामात स्टोअरकीपर होता. माल कुठून गळतो, हे शोधण्याचाच त्याला पगार मिळत होता. त्याने डोळे मिटून दुसरा घास घेतला.

"मिरची काढून टाकलीय. ओळखू येऊ नये म्हणून. चोर हुशार आहे."

"ते मिरची घालतच नाहीत," त्याची बायको लुर्डस म्हणाली. "जेव ना गप."

"ते घालत नाहीत, हे तुला काय माहीत?"

लुर्डसने पावाचा तुकडा मोडला आणि तो फार वेळ चावत बसली.

आता फेलिक्सला एकेक आठवू लागलं. आज लग्नाचा वाढदिवस, पण इथे यायचं म्हटल्यावर लुर्डस आधी म्हणाली, पार्किंग मिळणार नाही. मग म्हणाली, पोट बरं नाही. दारात तिने गॉगल लावला, तो अजून काढला नव्हता.

त्याने हॉटेलभर नजर फिरवली. गल्ल्यावर म्हातारा मालक. वाढायला त्याचा मुलगा. कोपऱ्यात सून नॅपकिनच्या घड्या घालत होती. सगळे यांच्याच टेबलाकडे बघत होते. बाहेरचा एकही माणूस कामाला नाही, म्हणजे बातमी फुटायची सोय नाही. टोळी पद्धतशीर होती. मुलाने किटली हातभर वर धरून चहा ओतला.

"बघितलंस? आपलं लक्ष उडवतात," फेलिक्स जेनेटच्या कानात म्हणाला आणि त्याने मोबाइल काढला. "आईला सांगायलाच हवं."

"फेलिक्स, नको. तिच्या जिवाला लागेल."

"तिचं गुपित प्लेटमध्ये वाढून विकतायत, आणि तिला कळायला नको?"

लुर्डसने मोबाइल हिसकावला, खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसली. संसारात तिने याआधी असं कधी केलं नव्हतं.

फेलिक्सचा आवाज एकदम बारीक झाला. "लुर्डस, तू दिलास का यांना?"

तेवढ्यात किचनचं दार उघडलं. पिठाच्या हातांची एक म्हातारी बाई बाहेर आली, ती थेट यांच्या टेबलापाशी. तिने लुर्डसचा गॉगल स्वतःच्या हाताने काढला आणि तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"हबीबती! इतनी जल्दी आ गई? तुम्हारा मसाला अभी बना नहीं."

"खलास," लुर्डस म्हणाली.

"बघ, जेनेट," फेलिक्स म्हणाला. "तुझ्या मम्मीने आजीचा मसाला यांना विकला."

"विकला नाही. विकत घेते," लुर्डस म्हणाली. "आई पडली होती ना? तेव्हापासून तिच्याने मुसळ उचलवत नाही. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय तिने मला. मी किती मसाले पाठवले, तिला एक पसंत पडेना. शेवटी या नजातताईंचा पडला. त्यात आई आपली मिरची-हळद घालते आणि बाटल्या भरते. तू इथे पहिली बाटली फोडतोस, त्या दिवशी तिचा मला फोन येतो. 'पहिल्या घासाला रडला का गं?' एवढंच विचारते."

नजातताईंना यातलं काही कळलं नाही. त्या हसून फेलिक्सच्या प्लेटमध्ये आणखी एक तंगडी वाढून गेल्या.

फेलिक्सने तंगडी हातात घेतली. पण तो स्टोअरकीपर होता. हिशेब लागल्याशिवाय त्याला सही करता येत नसे.

"खोटं," तो म्हणाला. "मसाला इथला, तर मग वसईला पोचतो कसा? जाणारा-येणारा मी एकटा."

"नाताळला तू आईसाठी खजुराचा सीलबंद डबा नेतोस ना, तो मी भरते," लुर्डस म्हणाली. "फेलिक्स, आईला खजूर कधीच आवडला नाही."